काका नावाचं फोल्डर

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. मुखेडच्या आमच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. कुठे एसटीचा थांबा हवा, कुठे वसतिगृहातलं जेवण सुधारा, कुठे नवा जिल्हा झालाच पाहिजे. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आई मला बाराखडी गिरवायला लावायची आणि मी कंटाळले की कागद उलटा करून पुढची बाजू वाचत बसायचे. लिहिणारे वडील. त्यांचा एकच दंडक होता: माथ्यावर मागणी, पुढाऱ्याचं नाव तळाला. एखादा पुढारी आपलं नाव वर घ्यायला सांगू लागला, की वडील म्हणायचे, "मग ते पत्रक राहत नाही साहेब, लग्नपत्रिका होते." त्या वाक्यापायी त्यांची बरीच माणसं तुटली. मला ते वाक्य तेव्हापासून पाठ आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी तिथं होते. गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही काम करायचो. दुकान आणि खोली काकांची. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, खिशात दोन मोबाईल. काही व्यापारी आणि शिक्षकांनी समिती करून गावोगावी टँकर पाठवायचं ठरवलं होतं, आणि काका त्यातले सगळ्यात उत्साही. आमच्याकडे होतं एक साधं पान, मोबाईलवर उघडणारं. उद्या कोणत्या गावाला, किती वाजता, कोणत्या बोअरवरून भरून टँकर जाणार, एवढंच त्यावर. आम्ही त्याला 'पाणी-पान' म्हणायचो.

या पानाला एक इतिहास होता. सुरुवातीला टँकर फोनवर चालायचे. मग व्हायचं असं, की टँकर वाटेत असताना कुणाचा तरी फोन जायचा, 'मी अमक्यांचा माणूस बोलतोय, गाडी आमच्या वस्तीकडे घ्या,' आणि गाडी वळायची. ज्यांच्या मागे फोन करणारं कुणी नव्हतं, ती वस्ती कोरडी राहायची. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं: फोनवर टँकर वळणार नाही. पानावर जे दिसेल तेच. ड्रायव्हर रोज बदलायचे, पण पहाटे गाडी काढण्याआधी प्रत्येक जण पान बघायचा. काकांचा फोन आला तरी कुणी ऐकायचं नाही, हे काकांनीच सगळ्यांना बजावलं होतं. मला तो नियम फार आवडायचा. मी त्यावर एक पत्रकही लिहिलं होतं.

ताई नांदेडहून आली ती या पानाचा पसारा आवरायला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, हैदराबादला नोकरी करून परत आलेली, बोलणं तिखट. सगळे तिला ताईच म्हणायचे, काकासुद्धा. तिच्या आधी एक मुलगा हे काम बघायचा, तो पुण्याला गेला. जाण्याआधी त्यानं एक चांगली गोष्ट केली होती. पानाचा सगळा मजकूर आणि त्यातला प्रत्येक बदल इतिहासासकट जपून ठेवणारा एक साठा त्यानं संगणकावर उभा केला होता. साठ्यात वेगवेगळ्या शाखा. 'चालू' ही मुख्य शाखा, आणि लोकांना दिसायचं ते फक्त याच शाखेतून बाहेर जायचं. एका वेळी दोन-तीन कामं चालली असतील तर एकाच साठ्याला जोडलेली दोन-तीन फोल्डरं उघडता यायची. एकातलं अर्धवट काम तसंच पसरून ठेवायचं आणि दुसऱ्यात जाऊन निराळंच काही करायचं. सोय मोठी देखणी होती.

फक्त त्यानं फोल्डरांना माणसांची नावं दिली होती. 'सर'. 'काका'. 'गुरुजी'. ज्याला जे काम दाखवायचं ते त्याच्या नावाच्या फोल्डरात. घरात प्रत्येकाचा पाण्याचा पेला वेगळा असतो, तसं.

पहिल्या दिवशी ताईनं जोडलेल्या फोल्डरांची यादी पडद्यावर काढली आणि मला विचारलं, "हे सर कुठे आहेत?"

"सर समितीतून गेले. त्या मुलानं ते फोल्डर कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं."

"टाकलं, पण साठ्याला कळवलं नाही. साठा अजून सरांची वाट बघून राहिलाय." तिनं एक छोटी आज्ञा दिली आणि नाव यादीतून गेलं. "फोल्डर उघडायची रीत असते तशी बंद करायचीही असते. नुसतं उचलून फेकलं, की त्याचं भूत यादीत बसतं."

त्या दिवसापासून मी तिच्या हाताखाली शिकले. गावांची नावं आणि मराठी मजकूर माझ्याकडे होता, म्हणून मलाही एक फोल्डर हवं होतं. मी ते उघडलं आणि अभिमानानं नाव दिलं: 'हल्लाबोल'.

ताई चहा पीत होती. "हल्लाबोलमध्ये काय आहे?"

"गावांच्या नावांतल्या चुका दुरुस्त करतेय."

"मग 'गाव-नावं' म्हण की. घोषणा मोर्चात दे. उद्या तू आजारी पडलीस आणि मी हे उघडलं, तर मी कुणावर हल्ला करू?"

मला राग आला. पण रात्री वडिलांचं वाक्य आठवलं आणि राग ओसरला. माथ्यावर मागणी. ताई दुसरं काय सांगत होती? फोल्डरवर काम लिहायचं, करणाऱ्याचं नाव नको. 'नवीन' लिहायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात ते जुनं होतं. 'शेवटचं' तर मुळीच नाही. तिच्या आधी आमच्याकडे 'शेवटचं' नावाची तीन फोल्डरं होती. तिचं म्हणणं असं, की नाव वाचून अनोळखी माणसालाही कळलं पाहिजे, आत काय चाललंय आणि ते कधी संपणार. काम संपलं की त्याच दिवशी फोल्डर बंद. सकाळी आल्यावर खुर्चीत बसण्याआधी ती यादी काढायची आणि मोठ्यानं वाचायची, शाळेत हजेरी घेतात तशी. ज्या नावाला उत्तर देता आलं नाही ते जायचं.

'गुरुजी' असंच गेलं. गुरुजींनी स्वतः हसून सांगितलं, काढा म्हणून. राहिलं 'काका'.

'काका' कुणी काढायला धजत नव्हतं. त्याचं कारण काकाच होते. ते संध्याकाळी दुकान नोकरावर सोपवून वर यायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "उघड बरं आपलं." आपलं म्हणजे त्यांचं फोल्डर. पडद्यावर आपलं नाव दिसलं की ते सोबत आणलेल्या पाहुण्याकडे वळायचे. "बगा, संगणकात बी हाय आपली खोली." एवढा मोठा माणूस, खोली त्याची, वीजबिल त्याचं. त्याचं नाव पुसायचं कसं? ताईनं दोनदा विषय काढला होता. काका म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे की. ते काय गवत मागून ऱ्हायलंय का तुला?" सगळे हसले आणि ते राहिलं.

त्यातच नव्या जिल्ह्याचं निघालं. उदगीरचा जिल्हा व्हावा ही मागणी माझ्या जन्माआधीची. आमचा मुखेड त्यात जावा की नांदेडमध्येच राहावा यावर आमच्या घरातच दोन पक्ष होते, आई एका बाजूला आणि वडील दुसऱ्या. मी आईच्या पक्षात, म्हणजे नव्या जिल्ह्याच्या. काका तर नव्या जिल्ह्यासाठी जीव टाकणारे. सभा ठरली, आणि काकांच्या मनात आलं की सभेत पाणी-पानाचं नवं रूप दाखवायचं: नवा जिल्हा वेगळा, त्याचे तालुके वेगळे, टँकर वेगळे. "लोकायला डोळ्यानं दिसू दे, आपला जिल्हा कसा चालंल ते." मला ही कल्पना पत्रकापेक्षा जबरदस्त वाटली. काम सुरू झालं आणि काकांना रोज बघायचं असल्यामुळे अर्थातच 'काका' फोल्डरात सुरू झालं. त्या फोल्डरात उघडी होती 'चालू' शाखा. तिच्याच अंगावर आम्ही सगळे नवा जिल्हा रचत गेलो. तालुके इकडचे तिकडे केले, काही गावं जुन्या यादीतून उचलली, नव्या यादीत अजून बसवली नव्हती. सगळं अर्धवट, न नोंदवलेलं. गावांचे वार ठरलेले असल्यामुळे बाहेरचं पान बदलायची वेळ त्या दिवसांत आलीच नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी एका तांड्यावरून अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. तांडा डोंगराच्या अंगाला, पस्तीस-चाळीस घरं. त्यांच्यासाठी वशिल्याचा फोन करणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांची सगळी भिस्त पानावर होती.

बाई म्हणाल्या, "म्याडम, आमचा टँकर ज्या बोअरवर भरतोय ना, त्या बोअरनं आज सकाळपासून नुस्ती हवा सोडलीया. उद्या गाडी तिथं गेली तर रिकामीच येणार. आमच्या टाकीत तळाला हाय तेवढंच. उद्या न्हाई आलं तर लेकरायला काय पाजू?"

ताईनं तीन-चार फोन केले. निलंगा रस्त्यावरचा एक शेतकरी आपल्या बोअरवरून भरून द्यायला तयार झाला, पण सकाळी लवकर, त्याच्या मोटारीची वीज जायच्या आत. म्हणजे तांड्याच्या टँकरची वेळ बदलायची, बोअर बदलायचा आणि रस्ताही. पानावरच्या तीन ओळी. ड्रायव्हर पहाटे तेच बघणार होता. फोन करून उपयोग नव्हता. फोन ऐकायचा नाही ही शिकवण आम्हीच दिली होती, आणि उद्या गाडीवर कोण असेल हे आज कुणालाच ठाऊक नव्हतं.

वीज गेलेली होती. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती. ताईनं 'चालू' शाखा एका वेगळ्या फोल्डरात उघडायला घेतली. यंत्रानं नकार दिला: ही शाखा आधीच 'काका'मध्ये उघडी आहे.

मला तेव्हा हा नियम माहीत नव्हता. एक शाखा एका वेळी एकाच फोल्डरात. ताई म्हणाली, "खाली नळाच्या रांगेत बघ. एका घराची दोन पिंपं लावू देतात का?" खरंच, खाली गल्लीत रंगानं घराघराची नावं घातलेली पिंपं ओळीनं उभी होती, आणि एका घराचं दुसरं पिंप दिसलं की बाया ते बाजूला सारायच्या. दोन ठिकाणी एकच शाखा धरली तर कुठलं खरं, हे कुणी सांगायचं?

मग ती 'काका'मध्ये गेली आणि आतला पसारा वरपासून खालपर्यंत बघत गेली. इथून तांड्याच्या ओळी बदलून पान बाहेर सोडलं तर अर्धा नवा जिल्हाही बरोबर बाहेर जाणार होता. उचललेली आणि कुठेच न बसवलेली गावं उद्या पानावर कुणाच्याच यादीत नसणार होती.

तेवढ्यात काका वर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "मग त्यातच करून सोडा ना. उद्या सभाच हाय. लोकायला नवा जिल्हा बी दिसंल, तांड्याला पाणी बी भेटंल."

खोलीत आम्ही चौघं-पाच जण होतो. एक गोष्ट लपवत नाही: मलाही तो जिल्हा पानावर दिसायला हवा होता. एका रात्रीपुरता का होईना.

ताई खुर्चीतून वळली. "काका, जिल्हा सरकारकडं मागायचा. टँकरवाल्याकडं नाही."

"अगं, पन—"

"सात गावं आत्ता कुठंच नाहीत. जुन्या जिल्ह्यात नाहीत, नव्यात नाहीत. उद्या त्यांचा टँकर कुठं जाईल?"

काका बसले. विभूतीवर घाम आला होता. "मंग आता काय करून राहिलीस?"

"आधी तुमचं काम जपते. त्याची एक ओळ जाणार नाही, फिकीर करू नका." तिनं त्याच फोल्डरात एक नवी शाखा काढली आणि सगळा अर्धवट पसारा जसाच्या तसा तिच्यात नोंदवला. मेहनतीचे दोन आठवडे एका आज्ञेत सुरक्षित झाले. 'चालू' शाखा मोकळी झाली. तिथं ती थांबली नाही. "आणि आता या फोल्डराचं नाव बदलते."

"ते कशाला?" मी म्हणाले. "घाई आहे ना. नंतर करू."

"घाई आहे म्हणूनच. 'काका' वाचून कुणालाच कळलं नाही आत काय चाललंय. म्हणून तर आज इथं अडकलो."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई, काकांसमोरच?"

"मग काय पाठीमागं करू?"

काका उठून उभे राहिले. आवाज खाली आला होता. "म्हंजे माझं नाव पुसून राहिलीस का, पोरी?"

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. सत्तेपुढे खरं बोलण्यावर मी एक पूर्ण पत्रक लिहिलं होतं. पण ज्याच्या खोलीत बसतो, ज्याचा चहा पितो, जो मनानं चांगला आहे, अशा माणसापुढे खरं बोलणं किती अवघड असतं हे मी त्या दुपारी पाहिलं. वाईट माणसाविरुद्ध घोषणा देता येते. काकांविरुद्ध काय द्यायची?

ताईनं आवाज चढवला नाही. तिनं नवं नाव टाकलं, आज्ञा दिली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. जिथं 'काका' होतं तिथं आता 'नवा-जिल्हा' होतं.

"तुमचं नाव गेलं," ती म्हणाली, "पण तुमचा जिल्हा आला. बघा."

काकांनी पडद्यावरचं नाव वाचलं. मग ते वळले आणि खाली गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज झाला आणि माझ्या मनात आलं, खोली गेली. उद्यापासून बसायचं कुठं?

ताईला मात्र तिकडं बघायला वेळ नव्हता. तिनं 'चालू' शाखेसाठी वेगळं फोल्डर उघडलं. या धावपळीतही त्याला नाव दिलं 'तांडा-वेळ'. तीन ओळी बदलल्या. मला मोठ्यानं वाचायला लावल्या, गाव, वेळ, बोअर, रस्ता. मोबाईलचं इंटरनेट जोडून पान बाहेर सोडलं. मी माझ्या मोबाईलवर पान उघडून पाहिलं. तांडा नव्या वेळेवर होता, बाकी सगळी गावं जिथल्या तिथं. लॅपटॉप त्यानंतर लगेच बंद पडला. खाली दुकानातून नोकर वर आला, हातात काकांच्या स्कूटरची बॅटरी आणि वायरचा गुंता. "काकांनी दिली. म्हनले, ताईला लागंल."

ताई हसली. "सांग त्यांना, झालं काम. पण ठेव इथंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मागे भांड्यांचा आणि बायकांचा गलका होता. त्या फार बोलल्या नाहीत. "गाडी लागली म्याडम. नवाच ड्रायव्हर हाय, रस्ता इचारत इचारत आला." मग फोन ड्रायव्हरनंच घेतला. "ते पानावर रस्ता लिहलेला हाय ना, त्यात शाळंच्या मागनं लिहा. शाळंच्या पुढनं गाडी वळत न्हाई." ताईनं त्याला तीनदा धन्यवाद दिले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बदल. आणि मग 'तांडा-वेळ' बंद कर. रीतीनं."

मी बंद केलं. माझ्या हातून रीतीनं बंद झालेलं ते पहिलं फोल्डर.

सभेला काका लॅपटॉप घेऊन गेले होते. 'नवा-जिल्हा' उघडून त्यांनी तालुके दाखवले, अर्धवट होते तसेच. सात गावं अजून कुठं बसवायची ते ठरलेलं नाही, असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, आणि सभेत त्यावरच सगळ्यात जास्त चर्चा झाली, असं म्हणतात. माझे वडीलही गेले होते. घरी येऊन म्हणाले, "पहिल्यांदा एका माणसानं अपुरं आहे ते अपुरं म्हणून दाखवलं." एवढी स्तुती ते कुणाची करत नाहीत.

पाऊस आला आणि टँकर थांबले. ताई नांदेडला परत निघाली त्या दिवशी तिनं शेवटची हजेरी घेतली. एकेक फोल्डर रीतीनं बंद केलं. 'गाव-नावं' गेलं, 'बोअर-नकाशा' गेलं. 'नवा-जिल्हा'पाशी तिचा हात थांबला. काम संपलं नव्हतं, पण आता त्यावर कुणी बसणारही नव्हतं. अशा फोल्डराला कुलूप लावायची सोय असते, म्हणजे ते चुकून आवराआवरीत जात नाही. कुलूप लावताना कारण लिहिता येतं.

"कारण काय लिहू?" तिनं काकांना विचारलं.

काका खुर्चीत नेहमीसारखे बसले होते. "तूच लिही. नाव ठेवायचं तुलाच बरं जमतंय."

तिनं लिहिलं: काम बाकी आहे.

तो लॅपटॉप आता माझ्याकडे असतो. कोपरे झिजलेत, बॅटरी उतरलेली आहे. मी नव्या कामांची फोल्डरं काढते आणि बंद करते, आणि यादी वाचल्याशिवाय खुर्चीत बसत नाही. काका कधी कधी दुकानातून वर येतात. गुडघे धरून जिना चढतात, शेजारी बसतात आणि म्हणतात, "उघड बरं." मी यादी काढते. त्यात ते नाव असतं, शेजारी कुलूप, आणि ताईनं लिहिलेलं कारण. काका चष्मा कपाळावर सरकवून ते वाचतात, जिल्हा कुठवर आलाय ते मला विचारतात, मी पेपरातली बातमी सांगते, आणि ते खाली गिऱ्हाईक आलंय म्हणून उठतात.